होळीचें लांकूड आणि पळसाचा रंग



फाल्गुन महिना लागला कीं घरोघरीं दोन प्रकारचीं माणसें दिसूं लागतात. होळी कधीं येते असें ज्यांना झालेलें असतें, तीं पहिल्या प्रकारचीं. आणि ती एकदांची कधीं जाते असें ज्यांना झालेलें असतें, तीं दुसऱ्या प्रकारचीं. पहिल्या वर्गांत बहुधा मुलें असतात आणि दुसऱ्या वर्गांत त्यांचे आईबाप. अलीकडे या दोन पक्षांच्या जुन्या वादांत एक तिसरा विषय शिरला आहे. झाडें तोडूं नका, पाणी नासूं नका, विषारी रंग वापरूं नका, असें सांगणारे लोक दरसाल पुढें येतात, आणि "आमच्या वाडवडिलांनीं होळी केली तेव्हां कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, मग सगळे निर्बंध आमच्याच सणाला कां?" असें उलट विचारणारे लोकही तितक्याच संख्येनें पुढें येतात. हा प्रश्न बहुधा रागानें विचारला जातो. परंतु मुळांत तो इतिहासाचा प्रश्न आहे. वाडवडिलांनीं होळी केली, ती कशी केली? त्यांच्या होळींत काय जळत होतें, आणि त्यांच्या पिचकारींत काय भरलेलें होतें? याचें उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न आज करावयाचा आहे.

हा सण फार प्राचीन आहे यांत शंका नाहीं. जैमिनीच्या पूर्वमीमांसेंत एका प्रांतांतला आचार सर्वांना लागू होतो कीं नाहीं, असा एक विचार आला आहे. त्यावर लिहितांना भाष्यकार शबरस्वामींनीं पूर्वेकडील लोकांच्या 'होलाका' नांवाच्या आचाराचें उदाहरण घेतलें आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतही लोकांच्या क्रीडांमध्यें होलाकेचें नांव येतें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या, १९५८ सालापासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या, पांचव्या खंडांत या सर्व आधारांचा परामर्श घेतला आहे. आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें तर सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली 'गाथासप्तशती' हा आपला अत्यंत जवळचा पुरावा होय. महाराष्ट्री प्राकृतांतल्या त्या संग्रहांत फाल्गुनाच्या उत्सवाचा उल्लेख आहे. आणि मौज अशी कीं तेथें अंगाला माखलेला आहे तो रंग नव्हे, चिखल आहे. म्हणजे आपली धुळवड गोदावरीच्या कांठच्या शेतकऱ्यांना दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ठाऊक होती. पुढें सातव्या शतकांत हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेच्या पहिल्याच अंकांत कौशांबी नगरींतला वसंतोत्सव येतो. तेथें सुगंधी चूर्ण उधळलें जात आहे आणि शिंगाच्या आकाराच्या पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें जात आहे. गांवांत चिखल आणि राजधानींत केशर, असा हा भेद तेव्हांपासूनचा आहे.

प्रथम अग्नीचा विचार करूं. होळी कशाची करावी, याविषयीं जुन्या ग्रंथांचें म्हणणें काय आहे? भविष्योत्तर पुराणांत ढुंढा नांवाच्या राक्षसीची कथा आहे. ती लहान मुलांना पीडा देई. तिला घालविण्यासाठीं मुलांनीं अग्नि पेटवून, टाळ्या वाजवून, मोठ्यानें ओरडून तिच्याभोंवतीं धुमाकूळ घालावा, असा उपाय त्या कथेंत सांगितला आहे. आपल्या बोंबा मारण्याच्या चालीचें मूळ पुष्कळ जण येथेंच शोधतात. परंतु त्याच ठिकाणीं सांगितलेली दुसरी एक गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरलों आहों. तो ढीग वाळलेल्या लांकडांचा आणि गोवऱ्यांचा करावा, असें तें वचन आहे. ओल्या झाडाचा तेथें उल्लेख नाहीं. व्यवहार पाहिला तरी हेंच योग्य ठरतें. फाल्गुन हा पानगळीचा काळ. अंगणांत पाचोळा सांचलेला असतो, वाळक्या फांद्या मोडून पडलेल्या असतात, कुंपणाचे जुने कांटे बदलावयाचे असतात, रब्बीचें पीक निघाल्यावर शेतांत धसकटें उरलेलीं असतात. वर्षाचा हा केर एका ठिकाणीं गोळा करून जाळावा आणि नव्या वर्षासाठीं अंगण मोकळें करावें, हा त्या अग्नीचा एक सरळ अर्थ आहे.

कोंकणांत मात्र चाल निराळी आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. तेथें शिमग्याला आंबा, पोफळ, सावर किंवा सुरमाड यांसारखें एखादें झाड वाजतगाजत आणून उभें करतात, आणि गोमंतकांतही शिगम्याच्या वेळीं कांहीं गांवीं तशीच रीत आहे. परंतु तें झाड साऱ्या गांवाचें असतें. तें कोठून आणावयाचें, कोणी तोडावयाचें, कोणीं त्याची पूजा करावयाची, याचे मान ठरलेले असतात. एका गांवाला एक होळी, एका होळीला एक झाड. शहरांत काय झालें तें पाहा. गांवाची एक होळी गेली आणि आळीची झाली. आळीची गेली आणि चाळीची झाली. चाळीही गेल्या आणि आतां प्रत्येक इमारतीच्या फाटकाशीं स्वतंत्र होळी पेटते. चाल जुनीच राहिली, पण तिचा गुणाकार झाला. त्यांतच वाळलेलें लांकूड शहरांत मिळत नाहीं, म्हणून रस्त्याच्या कडेच्या ओल्या फांद्या तुटतात, आणि त्या पेटत नाहींत म्हणून त्यांवर जुने टायर, रबर आणि प्लॅस्टिक टाकलें जातें. महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठीं १९७५ सालीं कायदा झाला, आणि परवानगीवांचून झाड तोडणें हा त्यान्वयें अपराध आहे. पण मी म्हणतों, कायद्याची गोष्ट दूर राहो. भविष्योत्तर पुराण उघडून दाखवा, आणि त्यांत टायर कोठें सांगितला आहे तें मला सांगा!

आतां रंगाकडे वळूं. महाराष्ट्रांत खरा रंग खेळावयाचा तो रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. धुळवडीच्या दिवशीं मान राखेचा आणि मातीचा. पेशवाईंत या रंगाचा मोठा थाट असे. शाहीर प्रभाकर यांनीं सवाई माधवरावांच्या रंगावर रचलेला पोवाडा प्रसिद्ध आहे. नाशिकास तर त्या काळची एक आठवण दगडांत बांधलेली आहे. तिला 'रहाड' म्हणतात. रस्त्याच्या पोटांत बांधलेले हे पेशवेकालीन दगडी हौद वर्षभर फळ्या टाकून मातीनें बुजविलेले असतात. रंगपंचमी आली कीं ते उघडतात, त्यांत रंगाचें पाणी भरतात आणि लोक त्यांत उड्या घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि तो फुलांपासून करण्याची परंपरा.

अठराव्या शतकांतल्या या समारंभांत रंग येत होते कोठून? उत्तर सोपें आहे. बहुतेक रंग झाडांपासून, थोडे खनिजांपासून.  त्यांतला पहिला मान पळसाचा. पळसाला आपण पानांवरून ओळखतों, कारण 'पळसाला पानें तीनच' ही म्हण आपल्या तोंडीं आहे. पण फाल्गुनांत त्याच्यावर पान म्हणून उरलेलें नसतें आणि सारें झाड केशरी फुलांनीं पेटलेलें दिसतें. हीं फुलें रात्रभर पाण्यांत भिजत घातलीं किंवा उकळलीं म्हणजे पिवळसर केशरी रंग उतरतो. त्यांत चिमूटभर चुना घातला कीं तो गडद होतो. रसायनशास्त्रज्ञांनीं त्या फुलांतल्या एका द्रव्याला 'ब्युटीन' असें नांव दिलें, कारण पळसाचें शास्त्रीय नांव 'ब्युटिया'. ब्यूटचा अर्ल या नांवाचा ब्रिटनचा एक मुख्य प्रधान वनस्पतींचा शोकी होता, त्याच्या स्मरणार्थ हें नांव ठेवलें गेलें. आपल्या माळावरच्या झाडाला असा दूरचा आडनांवबंधु मिळाला!

पळसाच्या जोडीला करडई होती. करडईच्या, म्हणजे कुसुंब्याच्या, फुलांपासून तांबडा रंग निघे. पतंगाच्या लांकडाचा काढा तांबडा होतो. कचोऱ्याच्या कंदाची भुकटी त्या काढ्यांत रंगवून वाळविली म्हणजे गुलाल होई. हळदीला क्षार लागला कीं ती तांबडी होते, हें प्रत्येक गृहिणीला कपड्यावरच्या डागावर साबण लावतांना कळलेलें असतें. आपलें जुनें कुंकू याच गुणावर तयार होत असे. या सर्व रंगांत एक दोष होता. तुरटीसारखा पदार्थ देऊन बसविल्यावांचून त्यांतले बहुतेक रंग कापडावर टिकत नसत. रंगारी अशा रंगाला 'कच्चा' म्हणे आणि त्याला नांवें ठेवी. परंतु गालावर लावावयाचा रंग कच्चाच असावयास पाहिजे! जो दोष रंगाऱ्याच्या दुकानांत, तोच गुण रंगपंचमीच्या अंगणांत. माझ्या मतें या सर्व प्रकरणाची किल्ली या एका गोष्टींत आहे.

आतां १८५६ सालाकडे या. लंडनमध्यें विल्यम हेन्री पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा एक विद्यार्थी ईस्टरच्या सुटींत, म्हणजे योगायोगानें वसंतांतल्याच एका सणाच्या सुटींत, घरच्या लहानशा प्रयोगशाळेंत खटपट करीत होता. हिंवतापावरचें कोयनेल कृत्रिम रीतीनें बनवावें, हा त्याचा हेतु. दगडी कोळशापासून जळणाचा वायु काढतांना जें डांबर उरतें, त्यांतून मिळणाऱ्या ॲनिलीन नांवाच्या द्रव्यावर त्यानें प्रयोग केला. कोयनेल मिळालें नाहीं. पात्रांत काळा गाळ मात्र उरला. तो मद्यार्कांत विरघळवितांना सुंदर जांभळा रंग दिसला आणि कृत्रिम रंगांच्या युगाचा आरंभ झाला. तीन वर्षांत मजेंटा आला. १८६८ सालीं मंजिष्ठाचें तांबडें रंगद्रव्य जर्मन शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत तयार केलें. १८७७ मध्यें मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग निघाला, १८८७ मध्यें ऱ्होडामीन हा झगझगीत गुलाबी. आणि १८९७ मध्यें कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्यापुढें आपल्याकडची नीळ, आल, मंजिष्ठ आणि कुसुंबा यांचा व्यापार पाहतां पाहतां बसला. करडई शेतांत राहिली ती तेलासाठीं. तिच्या फुलाचा रंग लोक विसरून गेले.

हे नवे रंग शोधणारांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं ते कापडासाठीं केले, आणि कापडाला पक्का रंग लागतोच. चूक त्यानंतर झाली. रेशीम आणि लोकर रंगविण्यासाठीं निघालेली पूड स्वस्त पडते आणि चिमटींत बादलीभर पाणी रंगवते, म्हणून ती मुलांच्या हातीं गेली. जी वस्तु धुतली तरी जाऊं नये म्हणून बनविली, ती आपण डोळ्यांत, केंसांत आणि तोंडांत जाऊं दिली. आणि अंघोळीनंतर ती सारी गटारांतून नदींत सोडली. मॅलॅकाइट ग्रीन खाद्य माशांच्या तळ्यांत वापरण्यास कित्येक देशांनीं बंदी केली आहे. ज्या पाण्यांत मासा पोहूं नये असें ठरलें, तें पाणी मुलाच्या डोक्यावर ओतावें कीं काय, हा प्रश्न विचारण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं.

हें मी आज शहाणपणानें सांगतों आहें. पण तें मला उशिरां समजलें. मी शाळेंत शिकवीत असतांना एका वर्षीं वर्गाच्या रंगपंचमीसाठीं हिरव्या रंगाच्या पुड्या मीच बाजारांतून आणल्या होत्या. त्या स्वस्त होत्या, पुडीवर कोणाचेंही नांव नव्हतें, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें माझ्या मनांतही आलें नाहीं. एका मुलाच्या डोळ्यांत तो रंग गेला. आठ दिवस त्याच्या डोळ्यावर पट्टी होती, आणि ते आठ दिवस मला वर्गांत त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहवत नव्हतें. सुदैवानें मुलगा बरा झाला. मी त्याच्या घरीं गेलों तेव्हां त्याच्या आईनें मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. "गुरुजी, सणावारीं चालायचेंच," एवढेंच ती म्हणाली. ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें. पुढच्या फाल्गुनांत आम्ही सारा वर्ग गांवाबाहेरच्या माळावर गेलों, पळसाखालीं पडलेलीं फुलें टोपल्यांतून आणलीं आणि एका मोठ्या पातेल्यांत उकळलीं. तो पट्टीवाला मुलगाच पातेलें ढवळीत होता. रंग फिका आला. मुलांनीं प्रथम नाकें मुरडलीं. मग चुन्याची चिमूट पडली, रंग एकदम खुलला, आणि त्या दिवशीं माझ्या वर्गानें रसायनशास्त्राचा जो धडा घेतला तो त्यांना पुस्तकांतून कधींच मिळाला नसता.

तथापि जुनें तें सगळें सोनें, असें म्हणण्याचा मोह मीं आवरला पाहिजे. जुन्या खनिज रंगांत शेंदूर होता, तो शिशाचा. हिंगूळ होता, तो पाऱ्याचा. हरताळ होता, तो सोमलाच्या जातीचा. हे निसर्गांतलेच पदार्थ, पण विषारी. तेव्हां निसर्गांतून आलें म्हणजे निर्धोक झालें, हा समज खरा नव्हे. काय घेतलें आहे हें पाहिलेंच पाहिजे. तसेंच शिव्यागाळी, स्त्रियांची अवहेलना, वाटसरूंवर शेण फेंकणें, हीही जुन्या शिमग्याचीच अंगें होतीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या सुधारकांनीं होलिका-संमेलनें भरवून त्या जागीं खेळ, गाणीं आणि व्याख्यानें आणण्याचा यत्न केला. त्यांनाही "आमच्या सणांत हात कां घालतां?" असेंच विचारण्यांत आलें. आज त्या शिव्यांचा अभिमान कोणी सांगत नाहीं. अगदीं अलीकडच्या काळांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ मध्यें स्थापिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें होळी लहान करावी आणि अग्नींत टाकावयाची पुरणपोळी भुकेलेल्याला द्यावी, अशी मोहीम चालविली. गांवोगांवच्या तरुणांनीं दारोदार फिरून पोळ्या गोळा केल्या आणि त्या गरिबांच्या वस्तींत नेऊन वांटल्या. सणाला यामुळें कांहीं उणें आलें असें मला वाटत नाहीं. उलट, ज्या घरांत त्या दिवशीं पुरण शिजलें नव्हतें, त्या घरींही सण गेला.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. तो ग्रंथांत नाहीं, आपल्या भूमींत आहे. सह्याद्रीच्या पूर्वेचा मुलूख पर्जन्यछायेंतला. फाल्गुनांत विहिरींचें पाणी तळाकडे जाऊं लागतें, आणि मृगाचा पाऊस तीन महिने दूर असतो. २०१६ सालची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. त्या वर्षीं रंगपंचमी होऊन पंधरवडा झाला, आणि १२ एप्रिलच्या पहांटे मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला पोंचली. दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी एका शहरासाठीं दुसऱ्या जिल्ह्यांतून रुळांवरून आणावें लागलें. ज्यांनीं तें दृश्य पाहिलें त्यांना नळीनें रस्त्यावर पाणी उडविण्याची हौस पुन्हां झाली नसेल. नाशिकच्या रहाडींतून एक विचार येथें घेण्याजोगा आहे. तेथें एकाच हौदांतल्या पाण्यांत शेंकडों माणसें रंगतात. प्रत्येकाला स्वतंत्र बंब लागत नाहीं. जेथें तेवढेंही पाणी नसेल तेथें कोरडा रंग आहे. तांदळाचें पीठ आणि हळद, एवढ्यावर एका घराची पंचमी सहज साजरी होते.

तर मग करावयाचें काय? फार थोडें. चार इमारतींनीं मिळून एक होळी करावी. तींत वाळलेला पाचोळा, मोडक्या फांद्या आणि गोवऱ्या असाव्यात. ओलें लांकूड, टायर आणि प्लॅस्टिक नसावें. नैवेद्याची एक पोळी अग्नीला दाखवावी आणि बाकीच्या वांटाव्यात. आठ दिवस आधीं मुलांना घेऊन पळस शोधावयास जावें आणि झाडावरचीं नव्हे, खालीं पडलेलीं फुलें वेंचावीं. झाडावरचीं पक्ष्यांसाठीं आणि मधमाश्यांसाठीं राहूं द्यावीं. पुडीचा रंग आणावयाचाच असेल तर तिच्यावर बनविणाऱ्याचें नांव आणि आंतल्या द्रव्यांची नोंद आहे कीं नाहीं तें वाचून आणावा. मीं त्या दिवशीं तें वाचलें नव्हतें.

"वाडवडिलांची होळी" हवी असें जे म्हणतात, त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. माझेंही मागणें तेंच आहे. फक्त ती खरोखर वाडवडिलांची असावी; डांबरांतून निघालेल्या रंगाची आणि रबराच्या धुराची नसावी. धूलिवंदनाच्या सकाळीं होळीची राख कपाळाला लावण्याची आपली रीत आहे. वाळलेल्या लांकडाची आणि गोवऱ्यांची राख असेल तर ती कपाळालाही चालते आणि उरलेली परसांतल्या झाडांनाही घालतां येते. आपली होळी नीट झाली कीं नाहीं, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून ती राख आपल्या मुलाच्या कपाळाला लावण्याजोगी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावें.